कान फुटलेल्या माणसाने बघितलेलं कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम

आमच्याकडे लाइनमन म्हणजे वीज मंडळाचा माणूस. पावसात तार तुटली की सायकलवरून येणार, खांबावर चढणार, उशीर झाला म्हणून चार शिव्या खाणार आणि लाइट आली की त्याची आठवण कुणालाही राहणार नाही. नातवाने गेल्या वर्षी फोनवर सांगितलं, "आबा, मी टीममध्ये लाइनमन झालो," तेव्हा मला वाटलं पोराला मैदानावरचे दिवे सांभाळायला ठेवलंय. आता तीन महिने ओहायोत मुलाकडे राहतोय, आणि आपण फार काही चुकलो नव्हतो असं वाटायला लागलंय.

नातू पंधरा वर्षांचा, वजन एकशे चार किलो. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनिअर संघात लेफ्ट गार्ड. म्हणजे काय ते पुढे सांगतो. जुलैच्या शेवटी त्याने हट्ट धरला म्हणून आम्ही चौघं कॅन्टनला, या खेळातल्या नामवंतांच्या संग्रहालयात जाऊन आलो, आणि त्या जागेबद्दल मराठीतून कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा अभिप्राय. लिहिणारा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेला आणि दोन्ही कान फुटलेला माणूस आहे, हे लक्षात ठेवून वाचा. माझी नजर कुस्तीची आहे. ती बदलायचं वय राहिलं नाही.

क्लीव्हलंडहून सत्त्याहत्तर नंबरच्या हायवेने दक्षिणेला साठेक मैल. हायवेवरूनच इमारतीचा घुमट दिसतो, अर्धा फुटबॉल छपरातून वर आल्यासारखा. तिकीट मुलाने काढलं आणि किती पडलं ते मला सांगितलं नाही, त्यावरून काय ते समजा. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी सवलत विचारावी, लाजू नये.

एवढं मोठं प्रकरण न्यूयॉर्क-शिकागो सोडून या मध्यम गावात का, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर गमतीशीर आहे. १७ सप्टेंबर १९२० ला इथेच 'राल्फ हे' नावाच्या मोटारविक्रेत्याच्या शोरूममध्ये संघांचे मालक जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून लोक गाड्यांच्या फूटबोर्डांवर बसले, बादल्यांतून बिअर फिरली, आणि आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारी एनएफएल ही लीग त्या बैठकीतून निघाली. नंतर १९६३ मध्ये हे संग्रहालय उघडलं. आत शिरताच जिम थॉर्प या जुन्या खेळाडूचा पुरुषभर उंचीपेक्षा मोठा पुतळा आहे आणि तिथून वर जायला गोल वळत जाणारा उतार. पायऱ्या नाहीत. ज्यांनी तरुणपणी हजार-हजार बैठका मारल्या आणि आता गुडघे धरून चालतात, त्यांनी या वास्तुविशारदाला दुवा द्यावा.

आता मुख्य गोष्ट. जर्सी, चषक, जुनी चामड्याची हेल्मेटं, अंगठ्या हे सगळं आहेच, आणि ते सावकाश बघण्यासारखं आहे. पण या जागेचा गाभारा म्हणजे अर्धपुतळ्यांचं दालन. अंधारलेली खोली, भिंतीभर उजळलेले कप्पे आणि त्यात ब्राँझची डोकी. पावणेचारशेच्या वर. ज्या वर्षी निवड झाली त्या वर्षाप्रमाणे ओळीत लावलेली. माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. जॉन मॅडन नावाचे एक मोठे प्रशिक्षक होते, त्यांनी २००६ च्या आपल्या सत्काराच्या भाषणात सांगून टाकलं होतं की रात्री दिवे गेले, दारं बंद झाली की हे पुतळे एकमेकांशी बोलतात, अशी माझी खात्री आहे. हे मॅडनही मूळचे लाइनमनच. १९५८ मध्ये फिलाडेल्फियाने घेतलं, गुडघा गेला, एकही सामना न खेळता खेळाडूपण संपलं. गुडघा हा शब्द या लेखात बऱ्याचदा येणार आहे.

नातू मला सरळ पहिल्या वर्षाच्या रांगेकडे घेऊन गेला. १९६३ ची पहिली सतरा माणसं. त्यात एक गोल, गुबगुबीत चेहरा. विल्बर हेन्री, पण सगळं जग त्याला 'पीट' नाहीतर 'फॅट्स' म्हणायचं. फॅट्स म्हणजे आपला जाड्या. उंची सहा फुटांच्या आत, वजन दोनशे पंचेचाळीस पौंड, म्हणजे एकशे अकरा किलो. ज्या दिवशी शोरूममध्ये लीगची बैठक झाली, त्याच दिवशी या जाड्याने कॅन्टन बुलडॉग्जशी करार केला, आणि गावच्या पेपरात लीगपेक्षा मोठा मथळा त्याच्या कराराचा होता. ओळीत उभा राहून समोरच्याला ढकलायचा आणि वर लाथेने बॉलही लांब मारायचा. नातू त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. शाळेत त्याला काय हाक मारतात ते मला माहीत आहे. मी काही बोललो नाही.

आता हा लाइनमन करतो काय, ते सांगतो, कारण हे न कळता आत गेलात तर पैसे वाया. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांची पाच माणसं एका रेषेत वाकून बसतात. मधला सेंटर, तो दोन पायांमधून बॉल मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. मागे क्वार्टरबॅक, म्हणजे घरातला लाडका. या पाचांनी समोरून येणाऱ्या गाड्यांसारख्या माणसांना अडवायचं, तीन-चार सेकंद. तेवढ्यात लाडक्याने बॉल फेकायचा. या पाचांनी पुढे जाऊन पास झेलायचा नाही, नियमच आहे. त्यांचे नंबरही ठरलेले, पन्नास ते एकोणऐंशी, म्हणजे पंचाला लांबून कळावं की हा हमाल आहे. समोरच्याला धरून ठेवलं तर दहा यार्ड दंड. वेळेआधी अंगठा हलला तरी पाच यार्ड. आणि तेव्हाच फक्त लाउडस्पीकरवर तुमचा नंबर पुकारतात.

दालनाबाहेरच्या मोकळ्या जागेत मी नातवाला म्हटलं, "बस बघू कसा बसतोस." तो बसला. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, एक पाय अर्धं पाऊल मागे, उजव्या हाताची बोटं गालिच्यावर, पाठ पाटासारखी, मान वर. मी त्याच्या खांद्याला बोटाने ढकललं. हलला नाही. मग डोक्यावर हात ठेवून किंचित खाली दाबलं, तर पुढे कोलमडला. "हातावर भार टाकलायस," मी म्हटलं, "बुडावर टाक. हात जमिनीला फक्त विचारायला ठेवायचा, काय गं बरी आहेस का म्हणून." त्याचा कोच नेमकं हेच सांगतो म्हणे, फक्त जमिनीची चौकशी सोडून. दोन गोरे म्हातारे थांबून बघत होते. त्यातल्या एकाने माझ्या कानांकडे बघितलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि म्हणाला, "रेसलर?" मी मान हलवली. इंग्रजी तेवढं पुरलं.

कारण ही कुस्तीच आहे हो. खडाखडी आहे. पहिला अर्धा सेकंद हाताचा. ज्याचे हात आतून समोरच्याच्या छातीवर बसले, त्याने निम्मी कुस्ती मारली. मग कंबर. जो खाली तो वर. मग पाय, आणि पाय कधीही एकमेकांवर चढवायचे नाहीत. टॅकल मागे सरकतो ते बघा कधी, बाहेरचा पाय ढकलत, आतला ओढत, फुलं वाहायला निघाल्यासारखा अलगद, आणि तो दीडशे किलोचा असतो. समोरच्याला आडवा पाडून वर पडलात की त्याला पॅनकेक म्हणतात. आपलं चितपट. याच ओहायोतल्या सँडस्की गावचा ऑर्लँडो पेस, त्याच्यासाठी १९९६ मध्ये त्याच्या विद्यापीठाने पॅनकेकच्या आकाराचे फ्रीजवर लावायचे चुंबक वाटले होते, सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा प्रचार म्हणून. लाइनमनचा प्रचार करायचा तर करणार कसा? बॉल हातात घेतलेला फोटोच नसतो. पेसचा पुतळा २०१६ च्या रांगेत आहे.

नियमही कुस्तीसारखेच बदलत गेले. समोरून हल्ला करणाऱ्यांत डीकन जोन्स नावाचा एक होता, तो पहिल्याच झटक्यात लाइनमनच्या हेल्मेटवर कानाखाली सणसणीत तळहात मारायचा. १९७७ मध्ये ते बंद केलं. १९७८ पासून लाइनमनला हात लांब करून, पंजा उघडा ठेवून अडवायची परवानगी मिळाली. त्याआधी हात छातीशी दुमडून कोपरांनी अडवायचे. मला विचाराल तर या एका नियमाने खेळ बदलला, पण त्याचा पुतळा कुठे करणार.

आता जो थॉमस. क्लीव्हलंडच्या घरात राहता आणि जो थॉमसबद्दल लिहीत नाही, हे चालणारच नाही, नातू जेवू देणार नाही.

२००७ मध्ये क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. ज्या दिवशी नावं पुकारली जायची त्या दिवशी तेव्हा पोरं न्यूयॉर्कला नवे सूट घालून बसायची. हा बापाबरोबर मिशिगन सरोवरात होडी घालून मासे मारत होता. तिथून पुढे अकरा मोसम एकच संघ, एकच जागा, लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ तिकडे असते, म्हणून जो मागून येतो त्याला थांबवणारा हाच. १९८५ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याचा पाय टीव्हीवर सगळ्या देशासमोर मोडला, तेव्हापासून या जागेचा भाव वाढतच गेला म्हणतात.

आणि ब्राउन्स हा संघ कसा? २०१६ मध्ये सोळापैकी एक सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. थॉमसच्या सगळ्या कारकिर्दीत संघ एकदाही प्लेऑफला गेला नाही. त्याच्या मागे वीसेक वेगवेगळे क्वार्टरबॅक येऊन उभे राहिले आणि गेले. म्हणजे बघा, सासऱ्याच्या वाड्याची राखण करायची, वाडा दरवर्षी पडतोय, जावई दरवर्षी नवा, आणि हा आपला रोज दारात उभा.

असा किती वेळा उभा राहिला? सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे तितके डाव. पहिल्या सामन्याच्या पहिल्या स्नॅपपासून ऑक्टोबर २०१७ पर्यंत, टेनेसीविरुद्ध दंडामागचा स्नायू फाटला तोवर, हा माणूस एका डावालासुद्धा बाहेर बसला नाही. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला, जेव्हा कोचसुद्धा घरी जायच्या विचारात असतो, तेव्हाही नाही. क्लीव्हलंडच्या स्टेडियमवर मोठमोठ्या खेळाडूंची नावं लावलीत, तिथे हा आकडा लावलाय. चक्क आकडा.

या आकड्यावर मी दालनात बाकावर बसून विचार केला. क्वार्टरबॅकचे आकडे असतात, धावणाऱ्यांचे असतात, समोरून हल्ला करून क्वार्टरबॅकला पाडणाऱ्यांचेही १९८२ पासून अधिकृत मोजतात. त्याला सॅक म्हणतात. पण सॅक होऊ न देणाऱ्याचं अधिकृत पुस्तकात काहीच नाही. घडलं नाही ते लिहिणार कसं? म्हणून शेवटी थॉमसची हजेरी मोजली. वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं माझंही तेच. गळीत हंगामात मिल बंद पडली तर साहेब नावानिशी बोलावणार. बंद पडली नाही तर मस्टरवर सही, बस. असो.

निवृत्त झाल्यावर त्याने जवळजवळ पंचवीस किलो वजन उतरवलं. फोटो बघितलात तर ओळखणार नाही. इतकी वर्षं तो खात होता ते भूक म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून. हे मला कुणी समजावायची गरज पडली नाही. तालमीत दूध, तूप, बदामाची थंडाई ढकलताना डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटतं पैलवान खातो मजेत. आणि खुराक बंद न करता मेहनत बंद केलेल्यांचं पुढे काय होतं, ते आमच्या तालमीतल्या निम्म्या गड्यांकडे बघून कळतं. थॉमसचा पुतळा २०२३ च्या रांगेत आहे. दाढी सुरेख घडवलीय.

अँथनी मुन्योसबद्दल लवकर सांगतो. सिनसिनाटीचा, म्हणजे हाही ओहायोचाच. कॉलेजात गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झालेल्या, सगळे डॉक्टर नको म्हणत होते. सिनसिनाटीच्या बेंगॉल्स संघाचे प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग स्वतः एकेकाळचे नामांकित टॅकल, ते परीक्षा घ्यायला गेले. म्हातारबांनी पोरावर चाल केली, पोराने हात लावले आणि प्रशिक्षक पाठीवर. १९८० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतला, पुढे अकरा वर्षं ओळीने प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. वस्तादाला पाडून नोकरी मिळवणारा मला दुसरा माहीत नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकली, आणि ती या जागेची चूक म्हणून नाही सांगत. पुतळे छातीपर्यंतचे असतात. फेकणाऱ्यांचं ठीक आहे, त्यांचे चेहरे लोकांना पाठ असतात. पण लाइनमनचा चेहरा कारकीर्दभर लोखंडी जाळीमागे होता. त्याचं जे काही होतं ते कंबरेत, मांड्यांत, पंजांत. तेच नेमकं कापून टाकलंय. मुन्योसची पावलं हवी होती मला. एखादं पाऊल ओतून ठेवायला काय हरकत आहे? दालनात टचस्क्रीन आहेत, नाव दाबलं की खेळतानाची चित्रफीत दिसते. लाइनमन बघायला गेलात तर आधी त्या बघा, मग पुतळा. उलट क्रमाने बघाल तर नुसती डोकी दिसतील.

आणि मग माइक वेब्स्टर.

१९९७ ची रांग. पिट्सबर्गचा सेंटर, कारकीर्द एकूण सतरा मोसमांची, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेले. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही हा उघड्या दंडांनी खेळायचा. नातवाला एवढंच माहीत होतं, ते त्याने अभिमानाने सांगितलं. इथेच, याच गावात १९९७ च्या सत्काराला त्याचा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ आला, आणि दोघांनी कार्यक्रमात शेवटचा एक स्नॅप करून दाखवला. सुटाबुटातला एक जण वाकलेला, दुसऱ्याचे हात त्याच्या बुडाखाली. लोक हसून हसून बेजार.

बाकीचं सुनेने सांगितलं. ती नर्स आहे. तोवर ती आमच्या मागून मोबाइल बघत फिरत होती, तिला या खेळात काडीचा रस नाही. पुतळ्यासमोर येऊन म्हणाली, "बाबा, हा तो." निवृत्तीनंतर वेब्स्टरचं डोकं साथ देईना. विसरायला लागला, भरकटला, कधी कधी स्वतःच्या गाडीत रात्र काढायचा. २००२ मध्ये गेला, पन्नासाव्या वर्षी. शवविच्छेदन करणारा डॉक्टर बेनेट ओमालू, नायजेरियातून आलेला. त्याला फुटबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. त्यानेच मेंदू वेगळा काढून तपासायचं ठरवलं, आणि त्यात जे दिसलं ते २००५ मध्ये छापून आलं. सीटीई म्हणतात. डोक्याला वारंवार मार बसून मेंदू आतून झिजतो, आणि माणूस जिवंत असेतो ते नक्की सांगता येत नाही. पुढे हजारो खेळाडू कोर्टात गेले आणि लीगला अब्ज डॉलरच्या वर भरपाई कबूल करावी लागली.

सून म्हणाली, "मोठा मार लागून बेशुद्ध पडला तर निदान दिसतं तरी. यांना बारीक बारीक बसतात. प्रत्येक वेळी."

प्रत्येक स्नॅपला. मघाशी मी कौतुकाने जो आकडा सांगितला, तो परत वाचा.

नातू काही बोलला नाही. मीही नाही. माझे कान फुटलेत, पण ते कान आहेत. बाहेरच्या बाजूला आहेत.

मला वाटलं आता दिवस गेला. पण या जागेचं मला हे आवडलं, की चार पावलं पुढे दुसरीच गोष्ट उभी असते. १९८८ ची रांग, अ‍ॅलन पेज. हा बॉल अडवणाऱ्यांच्या बाजूचा लाइनमन, मिनेसोटाचा. जन्म याच कॅन्टनमधला. पोरवयात त्याने एका बांधकामावर मजुरी केली, आणि ते बांधकाम म्हणजे हीच इमारत. पंचवीसेक वर्षांनी त्याच इमारतीत पुतळा. १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, बचावाच्या बाजूचा पहिलाच. खेळत असतानाच वकिली शिकला. लांब पळायचा नाद लागला, वजन उतरलं, तेव्हा संघाने १९७८ मध्ये काढून टाकला. लाइनमन बारीक झाला म्हणून! शिकागोने घेतला, तिथे आणखी तीन-चार मोसम खेळला. पुढे १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. सुनेने या पुतळ्याचा फोटो काढला. दिवसभरातला तिचा एकमेव.

नातवाने परतीच्या वाटेवर मला खूश करायला आणखी एक नाव सांगितलं, त्याचा पुतळा इथे नाही. स्टीफन नील. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही, कुस्तीगीर. १९९९ मध्ये जगज्जेता. मग न्यू इंग्लंडकडून गार्ड म्हणून खेळला, तीन सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. मी म्हटलं, "बघ, मी सांगत नव्हतो?" मी काही सांगितलेलं नव्हतं, पण आजोबांना तेवढी मुभा असते.

आता कामाचं. पूर्ण बघायला चार तास धरा, आम्हाला पाच लागले. सकाळी दार उघडताच जा, अर्धपुतळ्यांच्या दालनात तेव्हा शांतता असते. ऑगस्टच्या सुरुवातीला शेजारच्या स्टेडियममध्ये सामना आणि नव्या लोकांचा सत्कार असतो. तेव्हा गर्दी होते, हौस असेल तरच जा. बूट चालायचे घाला. खेळाचे नियम माहीत नसलेल्यांनी आदल्या दिवशी एक सामना सोबत कुणाला घेऊन बघावा, नाहीतर कप्प्यामागून कप्पे नुसते सरकत जातील. लहान पोरांना पळापळीचे खेळ बरे वाटतात. शाकाहारी मंडळींनी डबा गाडीत ठेवावा. आम्ही हायवेजवळ एका हॉटेलात शिरलो, नाव लिहीत नाही. भाज्यांचं सँडविच मागवलं तर मांस काढून घेतलेलं सँडविच आलं, कागदावर त्याचा ओला शिक्का तसाच. सुनेने घरून आणलेल्या धपाट्यांनी वेळ निभावली, नातवाने सात खाल्ले.

बाहेर पडताना दुकान लागतंच, ते टळत नाही. किमती तिकिटाच्या मानानेच. नातवाला जर्सी नको होती. त्याने फ्रीजवर लावायचं एक चुंबक घेतलं, हॉल ऑफ फेमच्या घुमटाचं. पॅनकेकचं नव्हतं, विचारलं मी.

चार तारे देतोय. पाचवा पावलांसाठी राखून ठेवलाय.

इथे शाळेत खेळायचं तर डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचली म्हणून आईबापांची सही लागते, राज्याचा कायदाच आहे. तो कागद मोसमाच्या आधी द्यायचा असतो. आमच्या घरी तो आता त्या चुंबकाखाली आहे. मुलाची सही झालीय. शेजारची रेघ अजून कोरी आहे, आणि सराव सोमवारपासून आहे. सून रोज सकाळी दूध काढायला फ्रीज उघडते, कागद हलतो, ती दार लावते.